होडीची टिकली

मला पोहता येत नाही. मासे मी खात नाही. पार्ल्याच्या आमच्या घरात सोमवारी लसूणसुद्धा चालत नाही. तरी सगळी नोकरी मी मासेमारीच्या होड्या विकण्यात काढली, आणि विकण्यापेक्षाही जास्त वेळ विकलेल्या होड्यांच्या तक्रारी ऐकण्यात घालवला. लग्न ठरताना सासूबाईंना सांगितलं गेलं की मुलगी अंधेरीला होड्यांच्या दुकानात आहे. त्यांना वाटलं, खेळण्यातल्या. साखरपुडा होईपर्यंत त्यांचा हा समज कोणी मोडला नाही.

दुकान अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मालक परेशभाई. त्यांच्या वडिलांचा दोऱ्या, जाळी आणि इंजिनाचे सुटे भाग विकायचा धंदा होता. परेशभाईंनी त्यात फायबरच्या होड्यांची एजन्सी घेतली. मी टायपिस्ट म्हणून लागले आणि पाच-सहा वर्षांत सर्व्हिसची मुख्य झाले. गुणवत्ता वगैरे काही नाही. तक्रारीचा फोन उचलायला दुसरं कोणी तयार नसायचं, एवढंच. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर वकिलाची नोटीस वाचण्यात दिवाळी जाईल.

फायबरची होडी कशी बनते ते थोडक्यात सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. गणपतीच्या कारखान्यात साचा पाहिला असेल, तसाच होडीचा साचा असतो, फक्त अठ्ठावीस फुटी. साच्याला आतून आधी चकचकीत रंगाचा थर देतात. तो वाळला की त्यावर काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, तिच्यावर रेझिन नावाचा चिकट द्रव ओतायचा, रोलर फिरवून आतली हवा काढायची. परत चटई, परत रेझिन. रंगाचा धरून तळाला असे आठ थर. मग सगळं कडक होऊ द्यायचं आणि होडी साच्यातून उचलायची. म्हणजे होडी बाहेरून आत बनते. गिऱ्हाइकाला दिसतो तो सगळ्यांत पहिला थर. माणसांचा जीव मागच्या सात थरांवर असतो, आणि ते कोणाला दिसत नाहीत.

ते दाखवण्याचा एक रस्ता आमच्याकडे होता. होडीच्या मागच्या अंगाला, तळाशी, पाणी काढून टाकायला एक भोक असतं. होडी किनाऱ्यावर ओढली की त्याचं बूच काढायचं आणि आत साचलेलं पाणी वाहून जाऊ द्यायचं. हे भोक ड्रिलला गोल करवत लावून पाडतात. ते पाडताना मनगटी घड्याळाच्या डायलएवढी एक चकती सुटून येते. तिच्या मधोमध ड्रिलचं बारीक छिद्र असतं, आणि कडेला घडीच्या पोळीचे पदर दिसावेत तसे सगळे थर दिसतात. मोजून घ्या.

कारखाना तेव्हा मुलुंडला होता आणि तिथे आंब्रे मिस्त्री होते. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, आणि हे होडीत, असं स्वतःच सांगायचे. मिस्त्री ती चकती घासून साफ करायचे, तिच्यावर होडीचा नंबर कोरायचे आणि होडीबरोबर गिऱ्हाइकाला पाठवायचे. कोळीवाड्यात तिला टिकली म्हणायला लागले. मधल्या छिद्रातून दोरा ओवून कोणी ती इंजिनाच्या खोक्याला बांधायचं, बरेच जण देव्हाऱ्यात ठेवायचे.

ते पाहून मी दुकानात एक पद्धत सुरू केली. होडी द्यायच्या दिवशी स्टीलच्या ताटलीत टिकली, हळदीकुंकू, एक नारळ आणि पेढे. नाखव्याच्या, म्हणजे होडीमालकाच्या, घरातली बाई यायची, टिकलीला कुंकू लावायची, कपाळाला टेकवायची आणि पदरात घ्यायची. ही कल्पना माझी, आणि तिचा मला भारी अभिमान. परेशभाई इतर डीलरांना सांगायचे, "आमची मंजिरीबेन होडी देत नाही, कन्यादान करते."

त्या काळात सर्व्हिस म्हणजे एक फोन होता. मी मुलुंडला सांगायचे, अमक्याच्या होडीला नाकाशी तडा गेलाय. दुपारपर्यंत आंब्रे मिस्त्री स्कूटरवरून हजर, दोन पायांच्या मध्ये रेझिनचा डबा. खिशात एक जुना जाड रुपया असायचा. त्याने ते होडीचं अंग वाजवत जायचे. थर नीट चिकटले असतील तिथे टणटण, आत हवा असेल तिथे ठप्प. मलाही त्यांनी ते शिकवलं. वर्सोव्याच्या वाळूत साडी खोचून नाण्याने होडी वाजवणारी बाई म्हणून मला अख्खा कोळीवाडा ओळखायला लागला. एका म्हाताऱ्या नाखव्याने तर विचारलं, "मॅडम, कलिंगड घेताव का होरी?"

गिऱ्हाइकं सगळी मच्छीमारच नसायची. दिंडोशीकडच्या एका लग्नाच्या हॉलवाल्याने आमच्याकडून कोरी होडी नेली, हॉलमध्ये मधोमध ठेवली आणि तिच्यात बर्फ भरून सरबताच्या बाटल्या मांडल्या. टिकली त्याने नारळासकट स्वीकारली. मी विकलेल्या होड्यांपैकी हीच एक, जिची तक्रार कधी आली नाही.

मग मुलुंडच्या जागेला भाव आला. तिथे आता टॉवर आहे. कारखाना पालघरच्या पुढे गेला, मालकांची पुढची पिढी आली, जुने कामगार घरी बसले. आंब्रे मिस्त्रीही निवृत्त होऊन घाटकोपरला मुलीकडे राहायला गेले. नव्या जागी माणसं कंत्राटी, होडीमागे मजुरी. जितक्या लवकर होडी साच्याबाहेर, तितकं बरं.

पहिल्यांदा बदलली ती सर्व्हिस. फोन बंद, सगळं पोर्टलवर. तक्रारीचा फॉर्म भरायला घेतला तर त्यात रकाना होता, 'वाहन किती किलोमीटर चालले?' कुठल्या तरी दुचाकी कंपनीचा फॉर्म उचलला होता. मी फोन करून विचारलं, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, काहीतरी टाका, तो मँडेटरी आहे." मी दर वेळी वर्सोवा ते अंधेरी स्टेशनचं अंतर टाकायचे. कोणी कधी शंका काढली नाही.

त्याहून मोठी गंमत तक्रार बंद होण्याची. कॉल सेंटरवाले दिवसा, ऑफिसच्या वेळात, नाखव्याला फोन करायचे. तीनदा उचलला नाही की 'ग्राहक संपर्कात नाही' म्हणून तक्रार बंद. आता नाखवा समुद्रात गेला की त्याचा फोन लागणार कसा? मासेमारीची होडी विकणाऱ्या कंपनीला गिऱ्हाईक समुद्रात असतं हे ठाऊक नव्हतं. मी तसं लेखी कळवलं. उत्तर आलं, सूचनेबद्दल आभारी आहोत. ती सूचनाही नंतर बंद झालेली दिसली.

होड्यांमध्ये फरक जाणवत होता का? होत होता, खोटं का बोलू. रंगाच्या थराला बारीक फोड यायचे, भोकात बसवलेली बुचाची पितळी कॉलर सैल असायची, कधी बाकाखाली रेझिनचा वास मारायचा, म्हणजे ते नीट वाळलेलंच नसायचं. पण माझ्याजवळ एक हुकमी गोष्ट होती. टिकली. कारखाना हलल्यावर टिकली बंद होईल अशी मला धास्ती होती. उलट ती मखमलीच्या डबीतून यायला लागली, पॉलिश केलेली, लेझरने नंबर कोरलेला. मी डबी उघडून आठ थर मोजायचे आणि मनाशी म्हणायचे, वरवरचं बिघडलंय, पण हाड शाबूत आहे.

आता व्हिक्टरचं सांगायला हवं. हा भाग लिहायचा नाही असं मी दोनदा ठरवलं होतं.

व्हिक्टर गोराईचा. आधीची लाकडी होडी मोडून त्याने नवी फायबरची घेतली होती. दीड वर्षात तो दुकानात आला. तळाला, मागच्या अंगाला, लांब तडा गेला होता. कंपनीचा वॉरंटीचा नियम असा की उत्पादनातला दोष असेल तर दुरुस्ती त्यांची, होडी आपटली असेल तर मालकाची. आणि हे ठरवायचं डीलरच्या तपासणी अहवालावरून. म्हणजे माझ्या.

मी गोराईला गेले. होडी पाहिली. नाण्याने वाजवली, आवाज जरा बसका वाटला. व्हिक्टर म्हणाला, "मॅडम, आपण कुठे आपटलीच नाय. आईची शपथ." मी त्याच्या घरी टिकली मागितली. त्याच्या आईने ती मेरीच्या तसबिरीशी ठेवलेली होती. आठ थर, अकरा मिलिमीटर. इतका जाड तळ आपटल्याशिवाय तडकणारच नाही.

"व्हिक्टर, टिकली बघ ना," मी म्हटलं. "होडी चांगली आहे रे. तूच कुठेतरी घासली असशील, लक्षात नसेल."

त्याने टिकली आईकडे परत दिली. मग म्हणाला, "तुम्ही बोलता तर असेल."

मी अहवालात 'आघातामुळे' असं लिहिलं. सही केली. वर्षाच्या आत व्हिक्टरने होडी भंगारात काढली आणि दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागला. मला वाईट वाटलं, पण चुकल्यासारखं वाटलं नाही.

हे सगळं उलगडलं ते हिराबायमुळे. हिराबाय वर्सोव्याची, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. मुलुंडच्या काळातली तिची पहिली होडी मीच दिली होती, आणि नवरा गेल्यानंतरही ती होडी चालली. होडी अगदी थकल्यावर तिने दुसरी घेतली, तीही आमच्याचकडून, कारण 'आमची बाय हाय तिथे.' होडी चालवायचा मुलगा नीलेश. घरात दुसरी मिळकत नाही. एक दिवस माय-लेक दोघं दुकानात आले.

"मॅडम, तळ हलतो," नीलेश म्हणाला. "लाट लागली ना, का पायाखाली वरखाली होतो. श्वास घेतल्यावर पोट होतं ना, तसा."

"पाणी येतं?"

"अजून नाय. पण खलाशी घाबरले. दोघं बोलले, आमी नाय येत."

हिराबाय टेबलाजवळ आली. ती म्हणाली, "बाय, याला मी पाठवू का नको, तेवढं तू सांग. तू बोल, जा, तर जाईल."

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या नोकरीत कोणी मला असं काही विचारलं नव्हतं. दुरुस्ती कधी होणार, पार्ट कधी येणार, हेच विचारायचे. मी म्हटलं, मी बघेपर्यंत थांबा.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला होडी चिखलावर बसली होती. मी वाजवायला सुरुवात केली. मागच्या अर्ध्या तळात कुठेच टणटण नव्हतं. हिराबायने घरून टिकली आणली होती, कुंकवाने माखलेली. अकरा मिलिमीटर, आठ थर. माझ्या डोक्यात तोच जुना हिशेब: टिकली जाड, म्हणजे तळ जाड, म्हणजे आपटली असणार. नीलेशला मी तसं विचारणारही होते.

पण बुचाची कॉलर नेहमीप्रमाणे सैल होती. ती घट्ट करायला मी आधी काढली, आणि सहज भोकात बोट गेलं. कड गुळगुळीत लागली. आता, करवतीने कापलेली कड कधी गुळगुळीत नसते. काचेचे तंतू टोचतात, मला कितीदा टोचलेत. ही कड साच्यातून तशीच आलेली होती. भोक पाडलेलंच नव्हतं, ते साच्यातच ठेवलेलं होतं. मग या भोकातून टिकली निघालीच कशी?

मी पर्समधून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. तळाची जाडी सात मिलिमीटर भरली. थर पाच. एका हातात हिराबायची टिकली, आणि दुसऱ्या हाताचं बोट भोकात. मी परत एकदा मोजलं. तेव्हाही सातच.

दुकानात येऊन मी कंपनीच्या साहेबाला फोन लावला. तरुण मुलगा, स्वभावाने वाईट नाही. त्याने लपवलंही नाही.

"मॅडम, भोक आता मोल्डमध्येच येतं, ड्रिल कोण करत बसणार? टिकल्या आम्ही वेगळ्या सॅम्पल पॅनेलमधून काढतो. ते सिम्बॉलिक आहे ना? तुमच्याच दुकानाचे पूजेचे फोटो बघून आमच्या मार्केटिंगने डबी बनवली."

"आणि थर पाच का?"

"नवीन रेझिन जास्त स्ट्राँग आहे. डिझाइनवाल्यांनी पास केलंय. तुम्ही ग्राउंडिंग लिहा ना, म्हणजे तळ जमिनीला आपटला असं, ते रोज चिखलावरच बसवतात होडी."

कोळीवाड्यात होडी रोज ओहोटीला चिखलावर बसते. त्याला कोणी आपटणं म्हणत नाही. हे मी त्याला सांगितलं आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी टिकली घेऊन मी घाटकोपरला आंब्रे मिस्त्रींकडे गेले. दृष्टी अधू झाली होती, गॅलरीत खुर्चीवर बसून होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं कंपनीला शिव्या घालतील. त्यांनी टिकलीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मलाच विचारलं.

"गो चेडवा, टिकली बघलंस. भोक नाय बघलंस?"

मग स्वतःच सांगायला लागले.

"मी टिकली गिऱ्हायकाक कित्याक देय होतंय, ठावक आसा? पूजा करूक नाय. भोकात घालून बघूक. बसली, कडेक कड लागली, तर होडी खरी. पयल्या पयल्या गिऱ्हायकांका मी तसा करून दाखवलंय. मगे तुज्या दुकानात हळदकुंकू सुरू झाला."

म्हणजे गिऱ्हाइकाने आम्हाला तपासावं म्हणून मिस्त्रींनी जी वस्तू दिली होती, तिला ताटलीत घालून नमस्कार करायला मी लोकांना शिकवलं होतं. नमस्कार केलेल्या वस्तूला मोजपट्टी कोण लावणार? मीसुद्धा लावली नाही. नाण्याने वाजवून बसका आवाज ऐकला तरी कानापेक्षा डबीवर विश्वास ठेवला. त्यांच्या मुलीने चहा आणला तेव्हा मला रडू फुटलं होतं. मिस्त्री म्हणाले, "रडा नको. रिपोर्ट लिही."

परेशभाईंनी अहवालाचा कच्चा मसुदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मंजिरीबेन, थोडा गोल गोल लिहा ने. कारण अस्पष्ट, असं. एजन्सी जाईल आपली. तुमचे पण दोन वर्ष राहिले."

"व्हिक्टरच्या वेळी मी स्पष्टच लिहिलं होतं, परेशभाई. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"ते कंपनीच्या फेवरमध्ये होतं."

इतक्या सरळपणे ते म्हणाले की मला हसूच आलं, आणि त्यांनाही. मग त्यांनी चष्मा परत चढवला. शेवटी ते म्हणाले, "लिहा. पण माझी सही मागू नका." मी माझ्या एकटीच्या सहीने अहवाल पाठवला: भोकाचे फोटो, व्हर्नियर लावलेला फोटो, टिकलीचा फोटो. किलोमीटरच्या रकान्यात पहिल्यांदाच लिहिलं, 'ही होडी आहे.'

तो पाठवून झाल्यावर मी डबीतल्या टिकल्यांची यादी काढली. बारा घरं निघाली. बाराही ठिकाणी मी स्वतः गेले: वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई. प्रत्येकाला बूच आणि कॉलर काढायला लावून भोक दाखवलं. हिराबायची धरून नऊ होड्यांचे तळ पातळ निघाले. लोक चिडले, काहींनी दारातच ऐकवलं. मढच्या एका बाईने डबी माझ्या समोर ठेवली आणि म्हणाली, "घेऊन जा ही, देवाजवळून काढली मी." ते कंपनीला ऐकवायचं होतं, पण कंपनीचं दार तिला सापडणार कुठे? दारात मी उभी होते.

व्हिक्टरकडे सगळ्यांत शेवटी गेले. त्याची होडी तर राहिली नव्हती, मोजायचं काहीच नव्हतं. तो दाराशी जाळं सांधत बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं की माझा अहवाल चुकीचा होता, तू आपटली नव्हतीस.

त्याने सुई थांबवली नाही. "ते मला माहीत होतं, मॅडम," तो म्हणाला.

"मग तेव्हा भांडला का नाहीस?"

"तुम्ही बोललात ना, का मीच घासली असणार. नंतर मला पण वाटायला लागलं. रात्री आठवत बसायचो, कुठे घासली, कुठे घासली." मग आत वळून आईला ओरडून सांगितलं, "मम्मा, ऐकलं काय? मी नव्हती आपटली."  होडीचं नुकसान भरून द्यायची माझी ऐपत नव्हती आणि त्याने मागितलंही नाही. पुढे त्याने कंपनीवर खटला भरला, त्यासाठी मी लेखी जबाब दिला आहे. तारखा पडतायत.

माझ्या अहवालाला कंपनीने दोन महिन्यांनी उत्तर दिलं. दोष त्यांना मान्य नव्हता, परंतु 'ग्राहकाशी असलेल्या दीर्घ संबंधांचा विचार करून' त्यांनी हिराबायसाठी रेझिनचे डबे आणि चटईचे गठ्ठे पाठवले. माणूस पाठवला नाही. उरलेल्या आठ होड्यांबद्दल एक अक्षर नाही. त्यांतल्या पाच जणांनी पुढे स्वतःच तळ जाड करून घेतले, तिघं व्हिक्टरबरोबर कोर्टात गेले. एजन्सी पुढच्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. परेशभाई पुन्हा दोऱ्या आणि जाळी विकतात आणि मला दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतात. मी ठरलेल्या वेळेच्या आधी घरी बसले. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, त्या रेझिनचा वास तरी जाईल. गेला नाही अजून.

हिराबायच्या होडीची दुरुस्ती मात्र आम्ही करून घेतली. मुलुंडचे दोन जुने कामगार मिस्त्रींनी हुडकले. मिस्त्रींना नीलेश टॅक्सीने घेऊन यायचा. ते वाळूत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे, आणि डोळ्यांना दिसत नसलं तरी रोलरच्या आवाजावरून सांगायचे, "तेच्यात हवा रवली, परत फिरव." आतून आणखी तीन थर चढवले, साच्यातलं भोक बुजवलं. चार दिवस कडक होऊ दिलं. मग बुजवलेल्या जागेच्या शेजारी ड्रिलला गोल करवत लावली.

टिकली सुटून पडली ती मीच उचलली. गरम होती. कडेला तंतू उभे होते, बोटाला टोचले. मी ती पदराने पुसली आणि सवयीने इकडेतिकडे बघितलं. ताटली नव्हती, कुंकू नव्हतं, पेढे नव्हते. तशीच ती हिराबायपुढे धरली.

या बाईने माझ्या हातून दोन टिकल्या घेतल्या होत्या आणि दोन्ही वेळा आधी कपाळाला लावल्या होत्या. या वेळी तिने ती घेतली, साडीचा काष्टा सावरला आणि होडीमागे चिखलात गुडघे टेकले. टिकली भोकात घातली. अंगठा कडेवरून गोल फिरवला, एकदा बाहेरून, मग होडीत वाकून आतून. बराच वेळ. आम्ही सगळे उभे. मिस्त्री खुर्चीवरून विचारत होते, "काय झाला? बसली?"

"बसली," हिराबाय म्हणाली. मग ती सरळ झाली, आणि माझ्याकडे न बघता नीलेशला म्हणाली, "जा आता."